मेन बंद, मीटर चालू

मळवलीत एका बंगल्याला लोक 'अर्धा बंगला' म्हणतात. त्याच्या दुसऱ्या अर्ध्यालाही 'अर्धा बंगला'च म्हणतात. त्यामुळे पार्सलं, पाहुणे आणि लग्नपत्रिका हमखास चुकीच्या अर्ध्यात पोचतात. विजेचंही तसंच काहीसं होत होतं. पण वीज काही दारात उभी राहून 'घारपुरे कोण?' असं विचारत नाही, म्हणून ते कळायला वेळ लागला.

बंगला घारपुरे वकिलांचा. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वाटण्या करून देऊन त्यांनी तो बांधला, आणि ते गेल्यावर त्यांच्या मुलांनी त्याची वाटणी करून वडिलांच्या धंद्याचा मान राखला. थोरली माधवीताई, धाकटा मुकुंदराव. दिवाणखान्याच्या मधोमध भिंत आली आणि ती नेमकी झुंबराखालून गेली. झुंबर कुणाचं यावर दीड वर्ष नोटिसा चालल्या. शेवटी झुंबरच पडलं आणि दोघांना आपापल्या बाजूला हलकं वाटलं. त्यानंतर बहीणभाऊ एकमेकांशी बोललेले नाहीत. एकमेकांच्या अंगणात पाय ठेवायचा नाही अशी दोघांनीही शपथ घेतली, आणि घारपुऱ्यांच्या घरात पाळली गेलेली ती एकच शपथ.

मुकुंदरावांनी दोन वर्षांपूर्वी आपला अर्धा शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना भाड्यानं द्यायला काढला. पोहण्याचा हौद केला, मागच्या दोन खोल्यांत एसी बसवले आणि पप्पू नावाचा एक हुशार माणूस केअरटेकर ठेवला. माधवीताईंना असली थेरं मंजूर नव्हती. त्या पुण्यात एका शाळेत बत्तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. महिन्यातून एकदोनदा, तेही मधल्या वारी, लोकलनं मळवलीला यायच्या, दोन दिवस वाचत बसायच्या आणि गर्दी यायच्या आत परत जायच्या. त्यांचा अर्धा सांभाळायला दत्तोबा होते. दत्तोबा आणि त्यांची बायको कस्तुराबाई बंगल्यामागच्या दहा बाय दहाच्या खोलीत एकोणीस वर्षं राहत होते. गावातलं घर पुतण्यांनी पाडून एका रिसॉर्टच्या पार्किंगला दिलं होतं, तेव्हा जगात त्यांना छप्पर म्हणाल तर तेवढंच.

जानेवारीच्या शेवटी एका शुक्रवारी माधवीताई नेहमीसारख्या परत न जाता मुद्दाम थांबल्या आणि त्यांनी नसीरला बोलावलं.

नसीर मुलाणी हा रेल्वे फाटकाजवळचा वायरमन. मळवली ते कार्ला चाळीसएक बंगल्यांची वायरिंग त्याच्या हाताखालून गेलेली. माणूस कामाला चांगला, स्वभावानं त्याहून चांगला. दोष एकच. कुणाला वाईट बातमी द्यायची म्हटलं की त्याची जीभ ट्रिप व्हायची.

"नसीर, बंगला बंद असताना मीटर पळतो," माधवीताई म्हणाल्या. "चोर शोध."

"ताई, मी वायरमन. चोर शोधायचं म्हंजे..."

"चोर म्हणजे फॉल्ट. किंवा फॉल्ट म्हणजे चोर. काय निघतं ते बघू."

त्यांनी टेबलावर आलेख कागद पसरला. दत्तोबांनी रोज सकाळी आठ वाजता मीटर बघून वहीत आकडा लिहायचा, असा नियम त्यांनी सहा महिन्यांपूर्वी घातला होता. दत्तोबांना अक्षरं येत नव्हती, पण आकडे मात्र ते मोत्यासारखे काढायचे. त्या आकड्यांवरून ताईंनी टोकदार पेन्सिलीनं आलेख काढला होता. पाच दिवस सपाट, मग दोन दिवस उंच शिखर. पुन्हा पाच दिवस सपाट, पुन्हा शिखर.

"दत्तोबा, बघा," ताई म्हणाल्या. "काय दिसतं?"

दत्तोबा वाकून बघू लागले. आपल्या आकड्यांचं काहीतरी झालंय, याचाच त्यांना अभिमान वाटत होता. "झ्याक काढलंय ताई. ह्यो लोहगड अन् ह्यो विसापूर."

"हे शनिवार आणि हे रविवार. मी नसते तेव्हाचे. ह्या घरात तेव्हा कुणीतरी एसी लावून राहतं."

"पर ताई, आपल्या अर्ध्यात एसी हायेच कुटं?"

"तेच तर. तुम्ही माझ्यामागे घर भाड्यानं देऊन गिऱ्हाइकाला एसीसुद्धा आणून देता की काय, तेवढंच आता बघायचं राहिलंय."

दत्तोबा हसले. ताई कधी थट्टा करत नाहीत, हे त्यांना एकोणीस वर्षांत कळलं नव्हतं असं नाही. पण माणूस कुठल्या तरी आशेवर हसतोच.

नसीर मीटरपाशी गेला. मेन स्विच खाली ओढला. पंखा थांबला, फ्रीज गप्प झाला. मीटरवरचा लाल दिवा मात्र लुकलुकतच राहिला. मेन बंद, मीटर चालू. शेजारी आणखी एक बारकासा दिवा स्थिर जळत होता.

"ताई, ह्यो दिवा कवापासनं लागतोय?"

"तो? तो अर्थिंगचा. आपलं अर्थिंग उत्तम आहे असं तो सांगतो. दत्तोबांना मी रोज पुसायला सांगितलाय."

"रोज पुसतो," दत्तोबा म्हणाले. "फडकं येगळं ठिवलंय त्येला."

तो दिवा काय सांगतो हे नसीरला ठाऊक होतं. वीज एका तारेनं घरात येते, तिला फेज म्हणतात. काम करून दुसऱ्या तारेनं परत जाते, ती न्यूट्रल. मीटर दोन्ही तारांवर नजर ठेवून असतो. आलेली आणि गेलेली जुळली नाही की तो बारका दिवा लावतो, आणि दोघींतली जी जास्त असेल ती बिलाला धरतो. इथं तर मेन बंद. घरात काहीच येत नव्हतं, तरी काहीतरी परत जात होतं.

भिंतीपलीकडून धपकन कुणीतरी हौदात उडी मारल्याचा आवाज आला. मागोमाग पाचसहा जण ओरडले. शुक्रवारचे पाहुणे पोचले होते. नसीरनं भिंतीकडे बघितलं.

नऊ वर्षांपूर्वी ह्या घराच्या विजेची वाटणी त्यानंच केली होती.

मुकुंदरावांच्या मागच्या दोन खोल्यांच्या न्यूट्रलच्या तारा तेव्हा मधल्या भिंतीतल्या एका डबीतून ताईंच्या बाजूच्या बोर्डाला यायच्या. फेज त्यानं तोडून वेगळी केली. न्यूट्रल वेगळी करायला आधी पलीकडच्या बोर्डातून नवी तार ओढायला हवी होती. ताई म्हणाल्या, "त्याच्या बाजूला पाय ठेवलास तर माझ्या बाजूला येऊ नकोस." मुकुंदराव फोनवर तेच म्हणाले, फक्त थोडं घाण शब्दांत. गवंडी थापी घेऊन उभा. नसीरनं तारांची गाठ मारली, वर काळी टेप गुंडाळली, डबीला झाकण लावलं आणि म्हणाला, "नंतर बघू." गवंड्यानं त्या 'नंतर'वर गिलावा केला. खोल्या सात वर्षं बंदच होत्या, त्यामुळे गाठीचं कुणाला काही नव्हतं. मग एसी आले, हौदाची मोटर आली. भावाच्या मीटरमधून आत आलेली वीज तेव्हापासून बहिणीच्या मीटरमधून घरी जात होती. घारपुऱ्यांच्या दोन अर्ध्यांत एवढंच काय ते जाणंयेणं शिल्लक होतं.

"कळलं काही?" ताईंनी विचारलं.

नसीरनं तोंड उघडलं. तेवढ्यात ताई दत्तोबांकडे बघत म्हणाल्या, "हे ज्याच्यामुळे झालंय ना, त्याला मी सोडणार नाही. दोन वर्षांची बिलं वसूल करीन, पोलिसांत देईन, आणि मळवलीत एकाही बंगल्याचं फाटक त्याला उघडं राहणार नाही अशी व्यवस्था करीन."

धमकी दिली होती दत्तोबांना. पोचली नसीरला. दत्तोबांनी नुसती मान डोलावली. चोराला असंच करायला पाहिजे, असं त्यांचंही मत होतं.

"लोड तपासावा लागंल, ताई," नसीर म्हणाला. "पुढच्या आठवड्यात बघतो."

"बघ. तोवर मी माझ्या पद्धतीनं बघते."

जाताना दत्तोबांनी त्याला फाटकापाशी गाठलं. "नसीर, लेका, ताईंच्या डोक्यात कायतरी भरलंय बग. तू हुडक फॉल्ट. न्हाईतर ह्या वयात कुटं जायचं आमी?"

"आबा, तुमी निवांत ऱ्हावा. मीटर पळायचा थांबतो का न्हाई बघा."

हे तो अगदी मनापासून बोलला. बेतही पक्का होता. गुपचूप गाठ सोडवायची. मीटर थांबेल, आलेख सपाट होईल, दत्तोबांवरचा आळ जाईल, आणि कुणी केलं, का झालं, हा विषयच निघणार नाही. सगळ्यांचंच भलं. नसीरच्या सगळ्या बेतांत सगळ्यांचं भलं असायचं.

मंगळवारी मुकुंदरावांची बाजू रिकामी होती. गिझरचं अर्थिंग बघतो म्हणून तो पप्पूकडे गेला. पप्पू मोबाइलवर बुकिंग घेण्यात गुंतलेला. नसीरनं भिंतीतला गिलावा हलक्या हातानं फोडला, डबी उघडली, नऊ वर्षांची गाठ सोडवली. मागच्या खोल्यांना मुकुंदरावांच्याच बोर्डातून स्वतंत्र न्यूट्रल ओढून दिली. बहिणीकडे जाणारी तार छाटून तिच्या टोकावर टेप लावली आणि खड्डा कच्च्या गिलाव्यानं बुजवला. दोन तासांचं काम. मग एसी आणि मोटर दोन्ही चालू करून तो कुंपणावरून ताईंच्या मीटरकडे डोकावला. बारका दिवा विझला होता. लाल दिवा गप्प होता.

आनंदानं तो मागच्या खोलीकडे धावला. खोलीला कुलूप. दारापुढची कस्तुराबाईंची तुळस गायब, दोरीवरची लुगडी गायब.

"आबा कुटं गेलं?" त्यानं परत येऊन पप्पूला विचारलं.

"त्यांना काढलं की. म्हंजे काढलं न्हाई, परयोग हाय. रविवारी ताईंचा फोन आला. म्हनल्या, महिनाभर हितनं जावा. तुमी नसताना मीटर पळाला तर तुमी निर्दोष, खोली तुमची. न्हाई पळाला तर समजायचं काय ते. सुदुंबऱ्याला मेव्हन्याकडं गेलीत दोगं. मीटरचा फोटू रोज मी धाडायचा."

नसीर तिथंच हौदाच्या कठड्यावर बसला. दत्तोबा नसताना मीटर पळायला हवा होता. आणि तो त्यानं पाच मिनिटांपूर्वी थांबवला होता.

त्यानं ताईंना फोन लावला. "ताई, त्या लोडचं..."

"नसीर, प्रयोग चालू आहे. प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते. मी दत्तोबांना बदललंय. बाकी कशालाही कुणी हात लावायचा नाही. तूसुद्धा."

"न्हाई लावणार," नसीर म्हणाला. बोटाला अजून काळी टेप चिकटलेली होती.

रात्री त्याला सुचलं की हे निस्तरायला एकच उपाय आहे. बिघाड परत जागच्या जागी ठेवायचा. दुरुस्तीचं काम त्यानं पंचवीस वर्षं केलं होतं, नादुरुस्तीचं पहिल्यांदाच. पण आधी दोन मोठी कामं उरकायची होती, आणि तो गेला शुक्रवारी. भिंतीपुढे उभा राहिला तर भिंतीवर पंख. पांढरेशुभ्र, माणसाएवढे, दोन बाजूंना पसरलेले. पाहुण्यांनी मध्ये उभं राहून फोटो काढावेत म्हणून मुकुंदरावांनी तळेगावहून पेंटर आणून काढून घेतले होते. डबी होती ती डाव्या पंखाच्या बरोबर बगलेत.

"पप्पू, हितं जरा फोडावं लागंल."

"येडा झाला का? साहेबांनी कालच पंख बघून खुशीत शिटी मारलीय. फोडलं तर मला उडवतील. का फोडायचंय पर?"

ह्या 'का'चं उत्तर नसीरकडे होतं. ते दिलं असतं तर पप्पूनं कदाचित भिंतच काय, पेंटरही फोडला असता. पण पप्पूला सांगणं म्हणजे चाळीस बंगल्यांना सांगणं. "काय न्हाई, असंच," म्हणून तो निघून आला.

मग राहिला एकच मार्ग, सरळ सांगून टाकायचं. फेब्रुवारीत नसीरनं ताईंचा नंबर अकरा वेळा काढला. एकदा त्या जेवत असतील असं वाटलं, एकदा देवळात असतील, एकदा पुण्यात ऊन फार होतं. बावीस तारखेला कस्तुराबाईंचाच फोन आला.

"नसीर, तू हुडकतो म्हनलास न्हवं फॉल्ट? ह्ये रोज इचारत्यात. हितं भावजय भाकरी वाढती पर ताट आपटती. आजून किती दिस रं?"

"मावशी, हुतंय सगळं. आठ दिस काढा."

"तुज्यावरच हाय बग. दुसरं कोन खरं सांगनार?"

मार्चच्या पहिल्या बुधवारी ताई निकाल घेऊन आल्या. दत्तोबा आणि कस्तुराबाई सुदुंबऱ्याहून चालत, मग कुणाच्या तरी टेम्पोतून बेगडेवाडीला, आणि तिथून लोकलनं आले. दत्तोबांनी धुतलेली टोपी घातली होती. ताईंसाठी फडक्यात हरभऱ्याचे डहाळे बांधून आणले होते. नसीरला कुणी बोलावलं नव्हतं. तो आपण होऊन आला होता. हे त्याच्या आयुष्यातलं बहुधा सगळ्यात धाडसाचं कृत्य, आणि ते त्यानं नेमकं एक महिना उशिरा केलं.

ताईंनी नवा आलेख पसरला. टेबलाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेघ.

दत्तोबांचा चेहरा एकदम उजळला. "सपाट झालं की! मीटर बरा झाला म्हनायचा. नसीर, केलंस की रं लेका काम!"

"दत्तोबा," ताई शांतपणे म्हणाल्या, "मीटर बरा झाला तो तुम्ही गेल्यापासून."

दत्तोबांना ते कळायला थोडा वेळ लागला. कस्तुराबाईंना आधी कळलं. त्यांनी फडक्यातले डहाळे हळूच पदराखाली घेतले.

"ताई, तसं न्हाई," नसीर म्हणाला. जीभ ट्रिप होत होती, तरी रेटत राहिला. "आबांचा काय संबंध न्हाई. चूक माझी हाय. नऊ वर्सांमागं मी भिंतीत न्यूट्रलची गाठ तशीच ठिवली. पलीकडची वीज आपल्या मीटरमधनं परत जायची. आबा गेल्यावर दोन दिसांनी मीच सोडवली. म्हनून थांबला मीटर. आबांनी कायबी केलं न्हाई."

ताई नसीरकडे बघत राहिल्या, आणि त्यांचे डोळे चक्क पाणावले.

"नसीर, तुझं मन फार मोठं आहे," त्या म्हणाल्या. "पण म्हाताऱ्या माणसासाठी झालं तरी खोटं बोलू नये."

"खोटं न्हाई ताई! त्यो बारका दिवा बघा की. आधी लागायचा, आता इझलाय. आलेली अन् गेलेली जुळत नव्हती म्हनून..."

"ते मी तुला सांगणारच होते. अर्थिंग गेलंय. महिनाभर कुणी पुसला नाही त्याचा परिणाम. ते आज नीट करून जा."

"दिवा अर्थिंग चांगलं असल्यावर लागत न्हाई, ताई."

"मला शिकवतोस? बत्तीस वर्षं मी हाच विषय शिकवला."

"बरं, मग भिंतीत बघा. पलीकडं पंख काढल्यात, त्याच्या बगलेत डबी हाय. तुटलेली तार हाय. टेप हाय. डोळ्यांनी बघा."

"पलीकडे?" ताईंचा आवाज एकदम बर्फ झाला. "मुकुंदच्या बाजूला? मी?"

"पाच मिनिटं."

"त्या बाजूला मी पाय ठेवणार नाही, हे तुला नऊ वर्षांपूर्वी सांगितलंय."

"मग फोटो काढून आनतो."

"त्याच्या भिंतीचा फोटोसुद्धा ह्या घरात नको."

नसीरनं मदतीसाठी दत्तोबांकडे बघितलं. दत्तोबा त्याच्याकडेच बघत होते, आणि त्यांच्या नजरेत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. तिथं कौतुक होतं.

"नसीर, पुरं कर," ते म्हणाले. "माज्यापायी सोताच्या पोटावर कशाला पाय आनतोस? तू असं काम करनारा न्हाईस. सगळ्या मावळाला म्हाईत हाय."

"आबा, खरंच मी केलंय!"

"गप ऱ्हा म्हनतो ना."

ताईंनी चष्मा पुसला. "दत्तोबा, मी कठोर नाही. माझं म्हणणं इतकंच की माणसानं सत्य सांगावं. तुम्ही कबूल करा. मी माफ करीन. मनात काही ठेवणार नाही."

दत्तोबांनी कस्तुराबाईंकडे बघितलं. एका महिन्यात तिचे गुडघे आणखी सुजले होते. मागच्या खोलीच्या खिडकीतून तिची चूल मांडायची जागा दिसत होती.

"खोलीत ऱ्हाऊ द्याल का, ताई?"

"आधी कबूल करा."

"तसं नका बोलू," कस्तुराबाई पुटपुटल्या. पण दत्तोबांनी टोपी काढून हातात घेतली होती.

"केलं असंल माज्या हातनं," ते म्हणाले. "चुकलं. माफ करा."

ताईंनी वहीत तारीख घालून ते उतरवून घेतलं. दत्तोबांनी खाली अंगठा दिला.

"माफ केलं," ताई म्हणाल्या, आणि त्यांनी मनापासून माफ केलं होतं. "आता तुमच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. सामान संध्याकाळपर्यंत उचला."

"पर तुमी म्हनला की..."

"माफ करीन म्हणाले. ठेवीन म्हणाले नाही. कबुली दिलेल्या माणसाला ठेवणं तत्त्वात बसत नाही, दत्तोबा. तुम्ही नाकारत राहिला असतात तर निदान मला विचार करावा लागला असता."

सामान फार नव्हतंच. नसीरनं टेम्पो बोलावला आणि भाडं दिलं. दत्तोबांनी जाताना मीटरपाशी थांबून, खिशातलं फडकं काढून, विझलेला दिवा एकदा पुसला. सवय.

खोलीच्या आणि आपल्या अर्ध्याच्या किल्ल्या ताईंनी पप्पूला दिल्या. महिनाभर त्यानं मीटरचे फोटो वेळच्या वेळी पाठवले होते, तेव्हा माणूस विश्वासाचा. आठ दिवसांनी पप्पूनं नसीरला बोलावलं.

"ताईंच्या अर्ध्यात शनिवारी एक पार्टी उतरवायची म्हनतो. त्या तर कदी सुट्टीला येत न्हाईत. साहेबांच्या बोर्डातनं एक लाइन वडून दे हिकडं. एसी आनलाय भाड्यानं. ताईंचा मीटर कसा, तसूभर हलता कामा नये."

नसीर एसीच्या खोक्याकडे बघत उभा राहिला.

"का रं? एवढा का इचार करतोय? तुला न् मला सोडून कुनाला कळनारे?" पप्पू म्हणाला. "अन् गिलाव्याचं मी साहेबांना बोललोय का अजून? पेंटरला तुजा बुजवल्याला खड्डा दिसलावता."

नसीरनं लाइन ओढून दिली. ह्या खेपेला फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकाच बोर्डातून घेतली, दोनदा तपासली, काही नंतरवर ठेवलं नाही. काम इतकं चोख झालं की त्या दिवसापासून ताईंच्या घरात दर शनिवारी बारा माणसं राहतात आणि आलेखाची रेघ काही वाकत नाही. ताई तो आलेख पुण्याच्या एका महिला मंडळात 'घरगुती वैज्ञानिक दृष्टिकोन' ह्या विषयावर बोलताना दाखवतात. सुरुवातीची शिखरं लाल पेन्सिलीनं, मग सपाट निळी रेघ. बायका टाळ्या वाजवतात.

एप्रिलमध्ये नसीर सुदुंबऱ्याला गेला. मेव्हण्याच्या घरामागं पत्र्याचा एक आडोसा होता, पूर्वी त्यात म्हैस असायची. नसीरनं पिशवीतून दोन बल्ब, एक टेबलफॅन आणि वायरचं भेंडोळं काढलं.

"आबा, लाइट करून देतो. पैशे नकोत."

"नको," दत्तोबा घाईघाईनं म्हणाले. "लाइट नको, बाबा. हितला मीटर मेव्हन्याचा हाय. पळाला म्हंजे?"

"का पळंल? आबा, मी किती येळा सांगू, तुमचा काय संबंध नव्हता! गाठ मीच..."

"तू लय चांगला हाईस, नसीर." दत्तोबा उकिडवे बसले होते. त्यांनी आवाज खाली आणला. "पर मी इचार केला. ताई शिकल्याल्या. आकडे माज्या हातचं. मी हुतो तवर मीटर पळत हुता, मी गेलो अन् थांबला. ह्ये तर खोटं न्हाई? मग मी झोपेत उटून कायतरी करत असन. बटनं दाबत असन. मानसाला झोपेत काय कळतं?"

नसीरनं कस्तुराबाईंकडे बघितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तवापासनं झोपत न्हाईत. म्हनून मी आता रातीला माज्या लुगड्याचा पदर ह्यांच्या मनगटाला बांदते. उटलं तर मला कळंल."

दत्तोबांनी मनगट पुढं केलं. पदराचा वळ उठला होता. कस्तुराबाईंनी ताट बाजूला ठेवलं, बसल्या जागी पदराचं टोक ओढून ते मनगटाभोवती गुंडाळलं आणि दोन वेढे देऊन आवळलं.

"अशी मारते बग," त्या म्हणाल्या. "तुजा हात ह्यात बसल्याला. वडून बग जरा, सुटनार न्हाई ना?"

नसीर गुडघ्यावर बसला. त्यानं गाठ दोन बोटांत धरली, ओढून बघितली.

"न्हाई सुटनार, मावशी," तो म्हणाला. "पक्की हाय."